तक्त्यातल्या 'होय'चा हिशेब : बी.एड.च्या एका विज्ञान प्राध्यापिकेचे खुले पत्र

प्रति,
राज्यातील अध्यापक महाविद्यालयांचा अभ्यासक्रम, प्राध्यापकांचे प्रशिक्षण आणि पदभरती ज्यांच्या सहीने ठरते, त्या सर्वांस

विषय : विज्ञान अध्यापन पद्धतीच्या प्राध्यापकांचे डिजिटल प्रशिक्षण 'पूर्ण' दाखवून प्रत्यक्ष कार्यशाळा गुंडाळल्याबाबत

महोदय, महोदया,

शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक्सेलचा तक्ता आला. वर 'अतितातडीचे', खाली 'सोमवारी सकाळी अकरापर्यंत माहिती न आल्यास जबाबदारी प्राचार्यांची'. प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढे दोन रकाने होते : डिजिटल साधने वापरता येतात का, होय की नाही, आणि गेल्या पाच वर्षांत मिळालेल्या प्रमाणपत्रांची संख्या. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती दारात उभी असताना कुठला प्राचार्य आपल्या प्राध्यापकापुढे 'नाही' लिहून पाठवील? सगळीकडून 'होय' गेले. काही आठवड्यांनी कळवण्यात आले की, प्राध्यापकवर्ग शंभर टक्के डिजिटल-साक्षर असल्यामुळे विज्ञान पद्धतीच्या प्राध्यापकांसाठी ठरलेली समोरासमोरची कार्यशाळा घेण्याची आता गरज नाही. त्याऐवजी रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांची लिंक येईल, शेवटी दहा प्रश्नांची चाचणी असेल आणि मग प्रमाणपत्र. म्हणजे रकान्यात आणखी एकाची भर.

हा निर्णय मला मुकाट्याने मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र. उघड लिहिते आहे, कारण हा प्रश्न माझ्या महाविद्यालयापुरता नाही आणि कुणा एका अधिकाऱ्यापुरताही नाही.

मी तालुक्याच्या गावी एका विनाअनुदानित अध्यापक महाविद्यालयात विज्ञान अध्यापन पद्धती शिकवते. माझ्या वर्गातून बाहेर पडलेली मुले-मुली आश्रमशाळांत, जिल्हा परिषदेच्या शाळांत, संस्थांच्या हायस्कुलांत सहावी ते दहावीला विज्ञान शिकवतात. त्यांतली एक जण माझ्याच मुलीला शिकवते. 'आज मॅडमनी प्रयोगाचा व्हिडिओ लावला आणि नंतर उत्तरे लिहून दिली,' असे मुलगी जेवताना सांगते, तेव्हा तो घास मला गोड लागत नाही. त्या मॅडमला दोष द्यायचा कसा? तिला शिकवणाऱ्यांना तरी याहून वेगळे काही कुणी करून दाखवले होते का?

आम्हाला काय येते, ते आधी स्पष्ट सांगते. एमएस-सीआयटी आमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांची झाली आहे. पत्र टाइप करता येते, एक्सेलमध्ये बेरीज करता येते, पीपीटी बनवता येते. 2020च्या टाळेबंदीत तर वेबिनारांचा सुकाळ होता. मोबाइल चालू ठेवून भाजी निवडायची, दोन तासांनी चॅटमध्ये गूगल फॉर्मची लिंक येते, 'अतिशय माहितीपूर्ण' असा अभिप्राय द्यायचा, की ई-मेलवर रंगीत ई-सर्टिफिकेट हजर. माझ्याकडेही त्यांची जाडजूड फाइल आहे. तिच्यातले एकही प्रमाणपत्र आठवीच्या मुलाला विद्युतप्रवाह कसा समजावून द्यावा, याबद्दलचे नाही.

विद्युतप्रवाहाचेच उदाहरण घेऊ. बल्बमध्ये प्रवाह 'खर्च' होतो, म्हणून बल्बच्या पुढे तो कमी असतो, अशी मुलांची पक्की समजूत असते. बी.एस्सी. करून बी.एड.ला आलेले छात्राध्यापकही छातीठोकपणे हेच सांगतात. यावर चांगले, फुकट आणि मराठीतही मिळणारे साधन आहे. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करता येणारे आभासी प्रयोग. एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही, साध्या स्मार्टफोनवरही चालतात. पडद्यावर बॅटरी, तारा, बल्ब आणि कळ जोडायची. बल्बच्या अलीकडे प्रवाह मोजणारा एक अमीटर, पलीकडे एक. कळ दाबण्याआधी प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्यायचे : दोन्ही अमीटर काय दाखवतील? मग कळ दाबायची. दोन्हीकडे आकडा एकच येतो. वर्गात चुळबुळ सुरू होते, कुणीतरी म्हणते, 'मॅडम, ॲपच बिघडलंय.' तिथे विचारायचे, प्रवाह तेवढाच राहतो, तर मग बॅटरी संपते म्हणजे नक्की काय संपते? आणि मग पडदा बंद करून खरी बॅटरी, खरा बल्ब, खऱ्या तारा हातात द्यायच्या. सिम्युलेशनमधली तार कधी सैल होत नाही आणि सेल कधी उतरत नाही. त्यामुळे फक्त पडद्यावर शिकलेल्या मुलाचा बल्ब टेबलावर पेटला नाही, तर त्याला चूक कुठे शोधायची तेच कळत नाही.

हे सगळे दहा मिनिटांत होते. पण अंदाज कधी लिहून घ्यायचा, उत्तर केव्हा दाबून ठेवायचे, पडदा कधी बंद करायचा, हे कळायला विषय यावा लागतो, मुलांच्या चुकीच्या समजुती ठाऊक असाव्या लागतात आणि साधनावर हात बसलेला असावा लागतो. तिन्ही एकदम. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षणतज्ज्ञांनी 2006 मध्ये याची मांडणी केली, ती आता 'टीपॅक' म्हणून ओळखली जाते. आमचे विद्यार्थी परीक्षेत त्यावर छान टीप लिहितात, तीन वर्तुळांच्या आकृतीसह. ती तीन वर्तुळे एकाच तासात एकत्र आलेली त्यांनी पाहिलेली नसतात, कारण आम्हीही फारशी पाहिलेली नाहीत.

दुसरे उदाहरण ध्वनीच्या वेगाचे. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने 'फायफॉक्स' नावाचे फुकट ॲप बनवले आहे. ते मोबाइलमधल्या सेन्सरांना प्रयोगशाळेच्या कामाला लावते. व्हरांड्यात पाच मीटर अंतरावर दोन मोबाइल ठेवायचे आणि दोन्हींवर आवाजाने चालू-बंद होणारे स्टॉपवॉच लावायचे. एकाने या टोकाला टाळी वाजवायची, दोन्ही घड्याळे सुरू होतात, पण लांबचे किंचित उशिरा. दुसऱ्याने त्या टोकाला टाळी वाजवायची, की दोन्ही थांबतात, आणि आता अलीकडचे उशिरा. दोन घड्याळांच्या वेळांत सुमारे 0.029 सेकंदाचा फरक येतो. हा फरक आवाजाला दहा मीटर जायला लागलेल्या वेळेइतका असतो. भागाकार केला की सेकंदाला 345 मीटरच्या आसपास उत्तर. मार्चमधल्या दुपारी ते आणखी थोडे वर सरकते, कारण हवेचे तापमान एक अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटरने वाढतो. पुस्तकातला आकडा आणि आपल्या व्हरांड्यातला आकडा जुळत का नाही, यावर पोरे जी भांडतात, तो माझ्या मते विज्ञानाचा तास.

हा प्रयोग मला कुठल्याही अधिकृत प्रशिक्षणात मिळाला नाही. शेजारच्या ज्युनियर कॉलेजातल्या फिजिक्सच्या एका सरांनी आमच्या व्हरांड्यात उभे राहून दाखवला. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की घड्याळ आपोआप थांबते, म्हणून ॲपमधली आवाजाची मर्यादा वाढवून घ्यायची, पंखे बंद करायचे, वाऱ्याच्या दिवशी आडोसा बघायचा. या बारीकसारीक गोष्टी कुठल्या व्याख्यानात सांगितल्या जात नाहीत. चुकल्यावर शेजारी उभा असलेला माणूसच त्या सांगतो. तुम्ही रद्द केलेल्या कार्यशाळेची किंमत मी यावरून मोजते.

आता गाऱ्हाणी.

सगळ्यांत मोठे गाऱ्हाणे हे की आम्ही कुणाचेच नाही. डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका आणि डाएट म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था शालेय शिक्षण विभागाकडे, बी.एड. महाविद्यालये उच्च शिक्षणाकडे. ऑगस्ट 2019 मध्ये केंद्राने 'निष्ठा' हे प्रशिक्षण सुरू केले, सुमारे 42 लाख शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी. पुढे ते 'दीक्षा' या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही आले. पण ते शाळांतल्या शिक्षकांसाठी. सप्टेंबर 2023 मध्ये महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी मालवीय मिशन प्रशिक्षण आले. त्यात आयसीटी, म्हणजे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान, हा एक विषय आहे, पण तो सर्व शाखांना मिळून. दहावीच्या पुस्तकातला अपवर्तनाचा धडा सिम्युलेशनने कसा घ्यावा, हे तिथे कोण कशाला सांगेल? डाएटमध्ये विज्ञानाचे प्रशिक्षण असते तेव्हा आम्ही विचारले, तर उत्तर मिळाले की तुम्ही उच्च शिक्षणाचे. विद्यापीठात विचारले, तर तुमचा विषय शाळेचा. शाळेतल्या शिक्षकाला प्रशिक्षण द्यायचे आणि त्या शिक्षकाला घडवणाऱ्याला वगळायचे, हे नियोजन कुणाच्या डोक्यातून निघाले, ते मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, तेव्हा ते शाळेतल्या शिक्षकाला आमच्याआधी माहीत झाले. छात्राध्यापक इंटर्नशिपहून परत आल्यावर आम्हाला विचारत होते, 'मॅडम, तो कोड वापरून पाठ घ्यायचा का?'

दुसरे अभ्यासक्रमाचे. 2015-16 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि एनसीटीई या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या आराखड्यानुसार आयसीटीचा स्वतंत्र विषय आला. हेतू चांगला होता. व्यवहारात आयसीटी एका खोलीत आणि विज्ञान पद्धती दुसऱ्या खोलीत शिकवली जाते, दोघींची गाठच पडत नाही. आयसीटीच्या जर्नलात ई-मेल पाठवल्याचे, ब्लॉग काढल्याचे स्क्रीनशॉट चिकटवले जातात. विज्ञानाच्या सराव पाठाच्या मूल्यमापन तक्त्यात 'शैक्षणिक साधनांचा वापर' अशी एक ओळ असते. हृदयाची पीपीटी दाखवली तरी गुण, ज्वालामुखीचा व्हिडिओ लावून छात्राध्यापक खिडकीशी जाऊन उभा राहिला तरी गुण. साधन वापरल्याने मुलांना काय जास्त कळले, असा प्रश्न त्या तक्त्यात कुठेच नाही.

त्यात आता एआयने लिहिलेली पाठ टाचणे आली आहेत. मला त्यांचा राग नाही. टाचण सुबक असते, उद्दिष्टे ओळीत असतात. पण एकात लिहिले होते, 'मॅग्नेशिअमची फीत जळताना विद्यार्थ्यांनी जवळून बारकाईने निरीक्षण करावे.' ती ज्योत उघड्या डोळ्यांनी थेट पाहायची नसते, डोळ्यांना इजा होते. छात्राध्यापकाने वाक्य जसेच्या तसे उतरवले होते. यंत्राने लिहिलेल्या टाचणात विज्ञानाची आणि सुरक्षिततेची चूक कशी शोधायची, हे आज प्रत्येक विज्ञान पद्धतीच्या वर्गात शिकवायला हवे. त्याचे प्रशिक्षण आम्हाला कोण देणार आहे?

नेमणुकांबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला पाठ आहे. माझ्यासारख्या कितीतरी जणी आणि कितीतरी जण तासिका तत्त्वावर आहेत. आम्हाला तासाचे पैसे मिळतात, तयारीचे नाहीत. प्रशिक्षणाला गेले की त्या दिवसाचे तास बुडतात, म्हणजे प्रशिक्षण आमच्याच खिशातून. भौतिक, रसायन, जीव या तिन्हींसाठी माणूस एकच. अशा माणसाने रात्री घरी बसून सिम्युलेशन शिकावे, ही अपेक्षा करणाऱ्यांनी एकदा त्याचे मानधन कधी जमा होते तेही पाहावे.

सामानाचे तर विचारूच नका. तपासणीच्या आधी इंटरॅक्टिव्ह पॅनेल येते, फोटो काढला जातो, खोलीला कुलूप लागते आणि किल्ली कार्यालयात. कागदावर सगळे जागच्या जागी आणि वर्गात ठणठणाट, हा आपल्या राज्याचा जुना आजार आहे. शिक्षक-शिक्षणावर न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला, तो महाराष्ट्रातल्याच डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या खटल्यातून. त्याचा अहवाल 2012 चा. त्यानंतरही आपण रकानेच भरतो आहोत.

साधने नाहीत म्हणावे, तर तसेही नाही. संगणकाची साधने शिकवणारे आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' मराठीत आहे. शालेय प्रयोगांसाठी अमृता विद्यापीठ आणि सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेल्या 'ओलॅब्स' या ऑनलाइन प्रयोगशाळा आहेत. मुंबईत मानखुर्दला 1974 मध्ये स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. शेजारी देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था. या संस्थेने एमआयटी आणि टाटा ट्रस्टबरोबर विज्ञान-गणिताच्या डिजिटल अध्ययनाचा 'क्लिक्स' हा मोठा उपक्रम उभारला आणि तो राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोरामच्या सरकारी शाळांत नेला. मिझोरामच्या शिक्षकांना तो मिळाला याचा आनंदच आहे. पण मुंबईत आखलेले काम मराठवाड्यात का पोचू नये, हा प्रश्न त्या संस्थेला विचारण्याचा नाही, तुम्हाला आहे. तुम्ही बोलावले होते का?

आपल्यासारख्या देशांत पैसा कमी, वर्ग मोठे, वीज बेभरवशाची, हे मला मान्य आहे. म्हणूनच तर मोबाइल आणि फुकटचे ॲप यांचे मोल आपल्याला श्रीमंत देशांपेक्षा जास्त. युनेस्कोने शिक्षकांच्या आयसीटी क्षमतांचा आराखडा 2018 मध्ये सुधारून दिला. त्यात 18 क्षमता आणि तीन पातळ्या आहेत : माहिती मिळवणे, ती खोलवर वापरणे, नवे घडवणे. तुमच्या तक्त्यात दोनच पातळ्या, होय आणि नाही.

मागण्या साध्या आहेत.

कार्यशाळा रद्द केल्याचा निर्णय मागे घ्यावा आणि ती विषयवार, जिल्ह्यातच, समोरासमोर घ्यावी. प्रत्येक प्राध्यापकाने तिथे साधन वापरून खऱ्या मुलांसमोर एक पाठ घ्यावा, बाकीच्यांनी तो पाहावा आणि त्यावर बोलावे. काही महिन्यांनी याच गटाला पुन्हा बोलवावे, कारण अडचणी पहिल्या दिवशी कळत नाहीत, वर्गात गेल्यावर कळतात.

प्रमाणपत्रांची संख्या मोजणे बंद करावे. मोजायचेच असेल तर वर्षाकाठी प्रत्येकाचा एक पाठ पाहा. माझ्यापासून सुरुवात करा, माझी ना नाही.

दोन्ही विभागांनी मिळून लेखी ठरवावे की बी.एड.च्या विज्ञान प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी नेमकी कोणत्या कार्यालयाची. तोवर डाएटच्या विज्ञान प्रशिक्षणांत आम्हाला बसू द्यावे.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना प्रशिक्षणाच्या दिवसांचे मानधन मिळावे. आणि पूर्णवेळ पदे भरावीत. ही मागणी जुनी आहे म्हणून शेवटी लिहिते, कमी महत्त्वाची म्हणून नव्हे.

अभ्यास मंडळांनी सराव पाठाच्या मूल्यमापन तक्त्यातली ती एक ओळ बदलावी. 'साधनांचा वापर' याऐवजी 'साधनामुळे विद्यार्थ्यांची कोणती समजूत तपासली किंवा बदलली' असे विचारावे. याला एक पैसाही लागत नाही. आयसीटीच्या जर्नलातले निम्मे काम छात्राध्यापकाच्या स्वतःच्या विषयातले असावे, एवढेही जोडता येईल.

नव्या पॅनेलची खरेदी वर्षभर थांबली तरी चालेल. त्याऐवजी प्रत्येक महाविद्यालयाला चालू स्थितीतले चार-पाच साधे स्मार्टफोन, सेल-बल्ब-तारांची पेटी, सिम्युलेशन्स भरलेला पेन ड्राइव्ह आणि दुरुस्तीसाठी थोडी ठरावीक रक्कम द्या. कुलपाची किल्ली विज्ञानाच्या प्राध्यापकाकडे ठेवा.

राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणते की 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान अर्हता असेल. त्या पदवीचे वर्गही आमच्यातलेच कुणीतरी घेणार आहे. तेव्हा पुढच्या शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू होण्याआधी या पत्राला लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

कार्यशाळेला जागा मिळत नाही, अशी अडचण सांगितली जाते. आमच्या महाविद्यालयाची विज्ञान प्रयोगशाळा मिळेल. प्राचार्यांची परवानगी मी घेऊन ठेवली आहे. पन्नास जण बसतात, विजेचे चार बोर्ड चालू आहेत, पाचवा दुरुस्त करून घेते. तारीख कळवावी.

आपली,
विज्ञान अध्यापन पद्धतीची एक प्राध्यापिका
(तासिका तत्त्वावर)